घरासाठी इंटरनेट कुणाकडून घ्यावं? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळवार पेठेत राहतो आणि ओळखीपाळखीच्या घरांत नेटची जोडणी बघून देतो. त्यामुळे फोनवर, दारात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच प्रश्न येतात. प्रत्येकाला तेच परत सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं. आधी साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एखादं उत्तर दुसऱ्याला जोडलेलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कोल्हापुरात सगळ्यात चांगलं नेट कुणाचं?

शहरभर चालेल असं एक नाव मी देत नाही, आणि कुणी दिलं तर त्यावर विसंबू नका. ताराबाई पार्कात ज्या कंपनीचं नेट वर्षभर कुरकुर न करता चालतं, तिचंच फुलेवाडीत दर आठवड्याला बंद पडलेलं मी पाहिलं आहे. मुंबई-पुण्याकडून शहरापर्यंत येणारी मोठी लाइन बहुतेकांची बरी असते. फरक पडतो तो शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात. चौकातल्या पेटीपासून तुमच्या खिडकीपर्यंत कुठली तार आली आहे, ती कुणी ओढली आणि तुटली तर जोडायला कोण येतं, हे बघायचं.

म्हणून कंपनी नको, गल्ली तपासा. त्याच गल्लीतली, त्याच कंपनीचं नेट असलेली तीन घरं गाठा आणि तीन गोष्टी विचारा. रात्री नऊला कसं चालतं? शेवटचं कधी बंद पडलं होतं? फोन केल्यावर माणूस किती वेळात आला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. तालमीच्या कट्ट्यावर विचारा, पण त्याहून पक्की माहिती कोपऱ्यावरच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराकडे मिळेल. त्याचं पोटच नेटवर आहे, त्यामुळे कुठली लाइन कधी बसते हे त्याला तोंडपाठ असतं.

२. केबलवाला म्हणतो ‘फायबर आहे’. खरंच आहे का, हे कसं ओळखायचं?

‘फायबर’ हा शब्द आता सगळेच वापरतात. चौकापर्यंत फायबर आणि तिथून पुढे तांब्याची तार असली तरी जाहिरातीत फायबरच लिहिलेलं असतं. त्यामुळे घरात शिरणारी तार स्वतः बघा. तीन प्रकार असतात.

पहिली जाड, गोल तार, टोकाला फिरवून घट्ट करायचा पितळी स्क्रू. ही टीव्हीचीच केबल. तिच्यावर केबल मोडेम बसवून नेट देतात.

दुसरी लॅन केबल. आत रंगीत तारांच्या जोड्या, टोकाला टेलिफोनपेक्षा थोडी रुंद पारदर्शक पिन. गच्चीवर एक छोटा स्विच, म्हणजे नेट अनेक घरांत वाटणारं यंत्र असतं आणि तिथून इमारतीइमारतींत या केबली लोंबतात. ही केबल १०० मीटरपर्यंतच धड चालते. त्यापुढे ओढली की नेट आहे-नाही असं सुरू होतं. एका छपरावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या अशी तुमच्या घरी येत असेल तर अंतर विचाराच.

तिसरी खरी फायबर. बारीक, बहुतेकदा काळी चपटी तार, आत केसाएवढी काच आणि टोकाला हिरवी किंवा निळी चौकोनी पिन. तिचा डबाही वेगळा असतो. त्यावर ‘पॉन’ नावाचा हिरवा दिवा असतो आणि लाइन तुटली की ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागतो.

तिसरी मिळत असेल तर तीच घ्या. तांब्याच्या दोन्ही तारांना पाणी, गंज आणि वीज बाधते, काचेला हे त्रास जवळजवळ नाहीत. जोडून झाल्यावर कर्मचाऱ्याकडून डब्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजून घ्या. ती उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या आसपास असावी. उणे २७ च्या खाली गेली तर आज चाललेलं नेट उद्या थोड्या कारणाने तुटेल. त्यासाठीचं मीटर त्याच्या पिशवीत असतं, मागायला संकोच करू नका.

३. मग टीव्हीच्या केबलवरचं नेट घेऊच नये का?

दुसरा पर्याय नसेल आणि केबलवाला नेटका असेल तर घ्या. व्हिडिओ बघायला, मुलांच्या अभ्यासाला ते पुरतं. पण त्याचे दोन स्वभाव माहीत असू द्या.

एक म्हणजे अपलोड कमी असतं. या तारेत वर जाणाऱ्या माहितीसाठी मुळातच अरुंद वाट ठेवलेली असते, त्यामुळे ‘१०० चा प्लॅन’ म्हणताना अपलोड किती हे वेगळं विचारावं लागतं. घरून काम करणाऱ्याला आणि कॅमेरे लावणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

दुसरं, सिग्नल वाटून कमी होतो. टीव्हीसाठी लावलेल्या प्रत्येक दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये साधारण ३.५ डेसिबल जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद. जुन्या घरात हॉल, बेडरूम, वरचा मजला असे तीन टीव्ही एकाच तारेवर असतात आणि सगळ्यात शेवटी मोडेम लावतात. ‘नेट बेकार आहे’ म्हणून मी गेलो त्या कितीतरी घरांत खरं कारण एवढंच निघालं. मोडेमची तार पहिल्याच स्प्लिटरवरून थेट घ्या, टीव्ही तिच्या पुढे वाटा. बहुतेक केबल मोडेमचं तपासणीचं पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर उघडतं. तिथे येणारी पातळी उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीमध्ये आणि सिग्नलची शुद्धता ३३ डेसिबलच्या वर दिसली पाहिजे.

४. आम्ही घरात पाच जण आहोत. किती स्पीड पुरेल?

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगतं. एका टीव्हीवर फोर-के, दुसऱ्यावर फुल एचडी, एकाची ऑफिसची मीटिंग आणि दोघांचे मोबाइल धरले तरी ४० च्या पुढे जाताना नाकी नऊ येतात. बहुतेक घरांना ५० किंवा १०० पुरतं. २०० किंवा ३०० घेऊन तोच गर्दीचा त्रास भोगण्यापेक्षा (प्रश्न ७) चांगल्या तारेवरचं ५० घेतलेलं बरं. अपलोड मात्र डाउनलोडएवढंच असेल असा प्लॅन निवडा, फायबरवर तो सहज मिळतो.

५. १०० चा प्लॅन आहे, पण फाइल उतरवताना १२ च दिसतात. फसवणूक झाली का?

नाही. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, उतरणाऱ्या फाइलचा मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून १०० भागिले ८ म्हणजे १२.५. तुमचं नेट व्यवस्थित आहे.

६. स्पीड टेस्ट करायची खरी पद्धत कोणती?

मोबाइल हातात धरून स्वयंपाकघरात केलेली टेस्ट तुमच्या वाय-फायची असते, कंपनीच्या लाइनची नाही. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, बाकी सगळ्यांचं वाय-फाय दहा मिनिटं बंद ठेवा आणि मग मोजा. सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री साडेनऊ अशा तीन वेळा, निदान आठवडाभर. आकडे वहीत लिहा. पुढे तक्रार करायची वेळ आली (प्रश्न २०) तर ही वही कामाला येते.

आणखी एक काळजी घ्या. टेस्टचं ॲप बऱ्याचदा तुमच्या कंपनीचाच जवळचा सर्व्हर आपोआप निवडतं. तिथपर्यंत रस्ता मोकळाच असतो, म्हणून आकडा झकास येतो. ॲपमध्ये मुंबईचा, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर स्वतः निवडून परत मोजा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर शहराबाहेर जाणारी त्यांची वाट चिंचोळी आहे.

स्पीडइतकंच पिंगही बघा, म्हणजे माहितीला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई आपल्यापासून पावणेचारशे-चारशे किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद होतात. मधली यंत्रं धरून १० ते २० आलं तर छान. सतत ६०-७० दिसत असेल तर तुमची माहिती कुठल्यातरी लांबच्या शहरातून वळसा घेते आहे. गेम खेळणाऱ्या पोरांच्या ‘लॅग’च्या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच असतं, आणि वरचा प्लॅन घेऊन ते सुटत नाही.

७. दिवसभर मस्त चालतं, रात्री नऊनंतर रडतं. का?

कारण तुमची वाट एकट्याची नाही. नेहमीच्या फायबर जोडणीत एका मुख्य धाग्यावर ३२ किंवा ६४ घरं असतात आणि त्या सगळ्यांत मिळून डाउनलोडला सुमारे २.५ जीबीपीएस, अपलोडला त्याच्या निम्मं असतं. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगाने ओढत नाहीत, त्यामुळे हे गणित एरवी बसतं. बिघडतं ते पुढे, जेव्हा केबलवाला वर कंपनीकडून कमी क्षमता विकत घेतो आणि खाली कनेक्शनं वाढवत राहतो. भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्री हे लगेच कळतं.

राउटर बदलून, प्लॅन वाढवून यात काही होत नाही. तीन आठवड्यांच्या रात्रीच्या नोंदी दाखवा आणि क्षमता कधी वाढवणार ते तारखेनिशी विचारा. ‘बघू’ म्हणाला तर दुसरा शोधा.

८. हॉलमध्ये फुल्ल रेंज, मागच्या खोलीत काहीच नाही. कंपनी बदलू का?

आधी डबा हलवून बघा. पेठांमधल्या जुन्या घरांच्या भिंती दगड-विटांच्या, हात-दीड हात जाड असतात. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण अशी एक भिंत ओलांडताना गळतो. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो, पण शेजारच्या दहा घरांचे राउटर त्यावरच असतात. त्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर न चढणारे, तेव्हा शेजारी नाही त्यातला निवडा.

जोडणी करणारा माणूस खिडकीजवळ, टीव्हीच्या मागे डबा ठोकून जातो, कारण त्याची तार तिथे संपते. पाच-सात मीटर जास्तीची तार मागा आणि डबा घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर लावून घ्या. लोखंडी कपाटावर किंवा फिशटँकमागे नको. तरीही मागची खोली कोरडी राहिली तर आत एक लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर बसवा. भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचे स्वस्तातले एक्स्टेंडर मी सुचवत नाही. त्यांतले बरेचसे वेग निम्मा करतात.

९. ३०० चा प्लॅन घेतला. केबल लावून मोजलं तरी ९४ च्या वर जात नाही.

९४-९५ वर अडकलेला आकडा दिसला की वाटेत कुठेतरी १०० चाच दरवाजा आहे असं समजा. राउटरचं पोर्ट १०० चं असेल, लॅपटॉपचं असेल, नाहीतर लॅन केबलमध्ये आठाऐवजी चारच तारा जोडलेल्या असतील. कंपनीने दिलेल्याच डब्याचं पोर्ट १०० चं असेल तर ३०० चे पैसे घेण्याचा त्यांना हक्क नाही, डबा बदलून मागा.

१०. घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की नेट जातं.

तुमच्या घराबाहेर कुठे विजेवर चालणारं यंत्र आहे, यावर हे अवलंबून आहे. खऱ्या फायबरच्या जोडणीत मधल्या पेट्यांना वीज लागत नाही. एका टोकाला केबलवाल्याची कंट्रोल रूम, दुसऱ्या टोकाला तुमचा डबा. दोन्हीकडे बॅटरी असली की झालं. टीव्ही केबलच्या लाइनवर मात्र ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर असतात, आणि लॅनच्या जाळ्यात प्रत्येक गच्चीवरच्या स्विचला कुणाच्यातरी घरातून वीज घेतलेली असते. ते घर कुलूप लावून गावाला गेलं आणि मेन स्विच बंद केला, की अख्खी ओळ बंद. राजारामपुरीतल्या एका कुटुंबाचं नेट दर दिवाळीत चार दिवस जायचं, त्यामागे हेच होतं.

म्हणून कनेक्शन घेण्याआधी विचारा, ‘माझ्या आणि कंट्रोल रूमच्या मध्ये विजेचं यंत्र किती? बॅकअप किती तासांचा?’ महावितरणच्या देखभालीच्या दिवशी शेजाऱ्याचं नेट चालू राहतं का तेही पाहून घ्या.

लाईट जाताच नेट दोन-तीन मिनिटं जाऊन परत येत असेल तर कारण घरातच आहे. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर वीज तुटते आणि डबा नव्याने सुरू होतो. त्यावर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस चालतो. डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही लावा.

११. पूर आला तर नेट राहील का?

हे विचारायची पाळी फक्त नदीकाठच्यांची राहिलेली नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी दुधाळी, सुतारवाड्यापुरतं थांबलं नाही; शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कातही शिरलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे आपल्याकडे लहान मुलांना माहीत असतात. तशाच कसोशीने नेट देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा.

कंट्रोल रूम कुठे आहे, आणि तळमजल्यावर आहे का? पाण्यात उभ्या राहिलेल्या इमारतीत महावितरण वीज बंद ठेवतं, म्हणून यंत्रं कोरडी असली तरी जनरेटर आणि त्याचं डिझेल वर हवं. दुसरं, शहराबाहेर जाणाऱ्या लाइनी किती आणि कुठल्या वाटेने? दोन्ही पुण्याच्या दिशेला, एकाच महामार्गाच्या कडेने जात असतील तर त्या दोन नसून एकच आहेत. एक पुण्याकडे आणि एक बेळगाव किंवा गोव्याकडे असली तर त्या जोडीला अर्थ आहे. दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक थांबली होती. तिसरं, गेल्या पुरात तुमचं नेट किती दिवस बंद होतं? याचं सरळ उत्तर देणारा माणूस पुढच्या वेळीही फोन उचलेल असा माझा अनुभव आहे.

घरच्या घरी एवढं करा. पाणी वाढायला लागलं की डबा भिंतीवरून काढून अडॅप्टरसह वरच्या मजल्यावर न्या, तार कापू नका, तिचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

१२. वळवाच्या पावसात दरवर्षी राउटर जळतो. काय करावं?

एप्रिल-मेमधल्या वळवात विजा जोरात असतात आणि गच्चीवरून लोंबणारी तांब्याची तार त्यांचा झटका घरात आणते. आधी लॅन पोर्ट जातं, कधी त्याला जोडलेला टीव्ही किंवा संगणकही. कायमचा उपाय म्हणजे फायबर, कारण काचेतून वीज येत नाही. तोपर्यंत ढग गडगडायला लागले की विजेचा प्लग आणि लॅनची पिन दोन्ही काढा. नुसता प्लग काढून उपयोग नाही. जळालेला डबा कंपनीचा असेल तर भरपाई कुणी द्यायची, हे कनेक्शन घेतानाच लिहून घ्या.

१३. ‘अनलिमिटेड’ म्हणजे खरंच कितीही वापरता येतं?

नाही. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि ती संपली की वेग पार खाली येतो. साध्या घराला ती भरपूर आहे. एचडी व्हिडिओला तासाला सुमारे ३ जीबी लागतात. दोन टीव्ही रोज चार-चार तास चालले तरी महिन्याला ७२० जीबी होतात.

अपवाद कॅमेऱ्यांचा. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने चोवीस तास क्लाउडवर चित्रण पाठवत असतील तर महिन्याला सुमारे २६०० जीबी वर जातात. अपलोडही मर्यादेत मोजता का, हे विचारून घ्या. छोट्या केबलवाल्यांच्या प्लॅनमध्ये मर्यादा याहून बरीच कमी असू शकते, आणि ती पत्रकावर नसते.

१४. वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फुकट देतात. घ्यावं का?

पहिल्याच दिवशी नाही. आधी महिन्याच्या बोलीवर घ्या, निदान दोन महिने वापरा आणि त्यात पावसाळ्याचे काही आठवडे येऊ द्या. मग वर्षाचे भरा. माझ्या एका नातेवाइकाने जूनमध्ये वर्षाचे भरले, ऑगस्टमध्ये त्या केबलवाल्याने धंदाच दुसऱ्याला विकला. नवा मालक जुने पैसे मानेना. पावती कच्ची होती, त्यामुळे भांडायलाही हातात काही नव्हतं.

भाव विचारताना जीएसटीसह विचारा. १८ टक्के लागतो, म्हणजे ५०० चा प्लॅन ५९० ला पडतो. जोडणीचा खर्च, डब्याचं डिपॉझिट, ते परत मिळतं का, आणि पहिल्या सवलतीनंतरचा दर या चार गोष्टी व्हॉट्सॲपवर तरी लेखी मागा.

१५. पैसे आमच्या केबलवाल्याला देतो. मग माझा व्यवहार नक्की कुणाशी आहे?

बहुतेक केबलवाले एखाद्या परवानाधारक कंपनीचं नेट पुढे विकतात. दूरसंचार विभाग इंटरनेट कंपन्यांना तीन वर्गांत परवाने देतो. अ म्हणजे देशभर, ब म्हणजे एखादं दूरसंचार मंडळ (साधारण एका राज्याएवढं क्षेत्र), क म्हणजे साधारण एखाद्या जिल्ह्याएवढं क्षेत्र. तुमच्या बिलावर त्या कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक असायला हवा, आणि कनेक्शन तुमच्या नावाच्या ओळखपत्रावर. यातलं काहीच नसेल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही कुणाचेच ग्राहक नाही.

एक कनेक्शन घेऊन चार घरांत तार वाटून देणारेही आहेत. त्यात पडू नका. शेजाऱ्याने काही गैर केलं तर पोलिसांसमोर पत्ता तुमचा येतो.

१६. विद्यापीठाजवळ भाड्याने राहतो. घरमालकाचंच नेट वापरू की स्वतःचं घेऊ?

वर्षभरापेक्षा कमी राहणार असाल तर मालकाचंच वापरा, वेगळा पासवर्ड मागून. स्वतःचं घेतलंत तर महिन्याच्या बोलीवर, स्वतःच्या नावावर घ्या, आणि खोली सोडताना डबा परत केल्याची पोच घ्या (प्रश्न २१).

१७. घरचे कॅमेरे बाहेरून दिसत नाहीत. केबलवाला म्हणतो ‘स्टॅटिक आयपी घ्या’. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. स्टॅटिक आयपी म्हणजे इंटरनेटवरचा फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभर संपत आले. आशियाला वाटून देणाऱ्या संस्थेकडचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला लागला. म्हणून कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. बाहेरून कुणी तुमच्या डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) हाक मारली तर ती नेमकी कुठल्या घराची, हे मधल्या यंत्राला ठरवता येत नाही. राउटरच्या पानावर तुमचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ किंवा १० ने सुरू होत असेल तर तुम्ही अशा मागच्या रांगेत आहात.

पण फक्त कॅमेरे बघायचे असतील तर बहुतेक नव्या डीव्हीआरचं स्वतःचं क्लाउड ॲप असतं, ते या अडचणीतून वाट काढतं. आधी ते लावून बघा. घरी सर्व्हर चालवायचा असेल किंवा ऑफिसने मागितला असेल तरच स्टॅटिक आयपीचे जादा पैसे भरा. आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदला.

१८. बाकी सगळं चालतं, फक्त बँकेची किंवा एखादी सरकारी साइट उघडत नाही.

बरेच केबलवाले नाव-पासवर्ड टाकून सुरू होणारी जोडणी देतात. नेटवरची माहिती छोट्या पाकिटांतून जाते, आणि या जोडणीत प्रत्येक पाकिटाचा आकार १५०० ऐवजी १४९२ बाइट उरतो. राउटरमध्ये हा आकडा चुकला तर काही साइट अर्ध्यावर लटकतात. राउटरमध्ये ‘एमटीयू’, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १४९२ करा. तरी नाही उघडली तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून ८.८.८.८ टाकून बघा. त्यानंतरही नाहीच आणि मोबाइलच्या डेटावर उघडते आहे, तर तुमच्या वाट्याचा सामायिक पत्ता (प्रश्न १७) त्या साइटने अडवलेला असू शकतो. तो कंपनीलाच बदलायला लागतो.

१९. ५जी आलंय. तारेचं नेट हवंच कशाला? आणि दोन कनेक्शनं ठेवावीत का?

जिथे चांगली तार पोचत नाही, म्हणजे नव्या वसाहती, शेतातली घरं, शहराबाहेरची गावं, तिथे छतावर यंत्र बसवून मिळणारं ५जी घ्यायला हरकत नाही. तार पोचते तिथे मात्र मी तारच घेतो. टॉवरची क्षमताही वाटलेलीच असते आणि रंकाळ्यावर गर्दीच्या संध्याकाळी ते जाणवतं.

घरून काम करणाऱ्यांना दुसरी सोय ठेवायचा सल्ला मी नक्की देतो. फक्त दोन्ही तारा एकाच खांबावरून आणू नका. गणपतीत उंच मूर्तीसाठी वाट मोकळी करताना त्या दोन्ही एकदम तुटतील. एक तार आणि एक ५जी ही जोडी जास्त भरवशाची.

२०. आठ दिवस नेट बंद, फोन उचलत नाहीत. तक्रार कुठे करायची?

केबलवाल्याला केलेला फोन किंवा मेसेज ही तक्रार धरली जात नाही. बिलावरच्या मूळ कंपनीच्या ग्राहक केंद्रावर नोंद करा आणि तक्रार क्रमांक घ्या. तिथे निकाल लागला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. प्रत्येक परवानाधारक कंपनीत ते असावं लागतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून तिथे पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून नोंद करता येते, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं पूर्वी कंपन्या म्हणायच्या, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाला त्या ऐकता येतात असं स्पष्ट केलं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षं. पक्की बिलं आणि प्रश्न ६ मधली वही सोबत ठेवा.

२१. कनेक्शन बंद करताना काय बघायचं?

लेखी कळवा. डबा आणि अडॅप्टर परत करताना त्यावरच्या क्रमांकासह फोटो काढा, पोच घ्या, आपोआप पैसे कापण्याची परवानगी बँकेच्या ॲपमधून काढून टाका. मोबाइलसारखी इथे पोर्ट करण्याची सोय नाही, म्हणून नवं सुरू होऊन आठवडा गेल्यावरच जुनं सोडा.

२२. आमच्या गल्लीत एकच केबलवाला आहे. दुसऱ्या कुणाला तार ओढू देत नाही.

हा प्रश्न मला कळंब्यापासून कसबा बावड्यापर्यंत सगळीकडून येतो, आणि विचारणारे दबक्या आवाजात विचारतात. गल्ली कुणाच्या मालकीची नसते आणि कुठलाही परवाना एखाद्याला ‘हा भाग फक्त तुझा’ असं लिहून देत नाही. तरी एकट्या घराने भांडण अंगावर घेऊ नये.

आठ-दहा घरांनी एकत्र या. नाव, पत्ता आणि हवा असलेला वेग लिहून सगळ्यांच्या सह्यांचा कागद करा आणि तो बीएसएनएलसह दुसऱ्या दोन कंपन्यांच्या कार्यालयांत स्वतः नेऊन द्या. एका घरासाठी कुणी तार ओढत नाही, दहा घरांची खात्री असेल तर मोजायला माणूस येतो. तोच कागद जुन्या केबलवाल्यालाही दाखवा. जवाहरनगरच्या एका गल्लीत असा कागद फिरला. दुसरी कंपनी यायच्या आतच जुन्यानेच लॅनच्या तारा काढून फायबर टाकली.